टेबल नंबर एकचे डोळे

"सर, तुमच्या स्क्रीनवर आपोआप दोन डोळे उगवले आन् तुमच्याकडं टकामका बघाय लागले, तर तुमी भ्याल का?"

हा प्रश्न मी विचारला. मी, धनश्री! भर तासाला, कॉम्प्युटर लॅबमध्ये, उभं राहून, खणखणीत आवाजात. नववीत आले तेव्हा हजेरीला माझा "हजर" इतका बारीक निघायचा की मुख्याध्यापक मॅडमनी मला दोनदा गैरहजर लावलं होतं, मी समोर पहिल्या बाकावर बसलेली असताना. त्यामुळं माझा आवाज ऐकून अर्धा वर्ग आधी कोण बोललं ते शोधायलाच लागला.

पैज होती रोहिणीची आणि प्रियदर्शनीची. रोहिणी म्हणली होती, "बसून पुटपुटलीस तर धरणार न्हाई. उभं राहायचं. आन् प्रश्न विचारून झाला की डोळे खरंच उगवून दाखवायचे. जमलं तर बाजारची भेळ आमच्याकडून."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर महिनाभर माझा डबा तू उचलायचा."

अंगद सर उमापूरहून आमच्या तलवाड्याला बदलून आलेले. कितीही चिडवलं तरी चिडत न्हाईत, उलट आपल्यालाच गुंडाळतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "डोळे व्हय? उगवू दे की. पाणी घालीन वरून, दोनाचे चार होतील."

वर्ग खोखो हसला. मी खाली बसले, पण माझे हात कीबोर्डवरच होते.

आता हे डोळ्यांचं काय प्रकरण ते सांगते, न्हाईतर तुम्हाला वाटेल मी काही जादूटोणा करते.

आमच्या लॅबमध्ये सरांचा सोडून दहा कॉम्प्युटर हायेत. कुठल्याशा कॉलेजनं नवे घेतले तेव्हा हे जुने आम्हाला दिले. प्रोजेक्टर न्हाई. मग सरांनी एक युक्ती काढली. सगळ्या कॉम्प्युटरना वायरीनं जोडलं, आणि स्वतःच्या जागेवर बसल्याबसल्या आमच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर धडा उघडायला लागले. आपण गप बसलेलो, माऊसला हातसुद्धा लावलेला न्हाई, आणि आपल्या स्क्रीनवर टुणकन हृदयाची आकृती! पहिल्या दिवशी प्रियदर्शनी किंचाळलीच होती. मग सवय झाली.

हे जमावं म्हणून सरांनी प्रत्येक कॉम्प्युटरला एक आज्ञा शिकवून ठेवली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की एक काळी चौकट उघडायची आणि तिच्यात इंग्रजीत एक ओळ यायची. सगळी पोरं ती चौकट बघायच्या आत फुलीवर क्लिक करून घालवायची. मी वाचायचे. बोलत नव्हते ना, मग वाचायला वेळ भरपूर. ओळ होती, "ॲक्सेस कंट्रोल डिसेबल्ड, क्लायंट्स कॅन कनेक्ट फ्रॉम एनी होस्ट."

शब्दकोश घेऊन बसले आणि अर्थ लावला. राखण बंद केली हाय, कुणीही कुठूनही यावं.

सरांना एकदा हळूच विचारलंही होतं. ते म्हणले, "अगं, मला तुमच्या स्क्रीनवर धडा टाकता यावा म्हणून दार उघडं ठेवलंय. नेहमीचंच हाय ते. कर बंद चौकट."

माझ्या तोंडाशी दुसरा प्रश्न आला होता. दार तुमच्यासाठी उघडं हाय का सगळ्यांसाठी? पण तेव्हा मी जुनी धनश्री होते. प्रश्न गिळला, पण चौकट काही डोक्यातून बंद झाली न्हाई. एक दिवस मधल्या सुट्टीत मी माझ्या कॉम्प्युटरवरून रोहिणीच्या स्क्रीनवर घड्याळ पाठवून बघितलं. गेलं! तिनं मला पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून विचारलं, "धने, हे तू केलंस?" त्या दिवसापासून माझा आवाज मोठा व्हायला लागला. खरंच. कॉम्प्युटरला काही विचारलं की तो उत्तर देतो, "काय गं, मोठ्यानं बोल" म्हणत न्हाई. तिथं विचारायची सवय लागली आणि मग ती सवय माणसांसमोर पण टिकली.

डोळ्यांचा प्रोग्राम त्या कॉम्प्युटरमध्येच सापडला. छोटीशी विंडो, तिच्यात दोन गोल डोळे, आणि माऊस जिकडं जाईल तिकडं बुबुळं फिरतात. बस, एवढंच त्याचं काम. मला तो लई आवडतो.

पण पैज घ्यायचं खरं कारण वेगळं होतं. जूनपासून मी या लॅबमध्ये असणार नव्हते. दहावीला मी धारूरला मुंजाजीमामाकडं जायचं ठरलं होतं. आमची मेंढरं हायेत. दिवाळी झाली की आबा आणि माय कळप घेऊन निघतात ते पार उन्हाळ्यापर्यंत परतत न्हाईत. दहावीच्या वर्षी पोरीकडं कोण बघणार, म्हणून मामा. हे फोनवर ठरलं, मी शेजारी बसून भाकरी खात असताना. मामानं विचारलं, "धनाला चालतंय ना?" आबा म्हणले, "तिला काय, चालतंय." आणि मी घास चावत मान हलवली. झालं!

मामा चांगला हाय. धारूरही चांगलं हाय, किल्ला हाय, डोंगर हाय. पण तिथं अंगद सर न्हाईत, रोहिणी न्हाई, आणि ही काळी चौकट न्हाई. म्हणून म्हणलं, जायच्या आत निदान एक धमाल करून जावी.

तर मी आज्ञा टाईप केली. प्रत्येक टेबलाला नंबराची चिठ्ठी चिकटवलेली हाय, आणि तोच नंबर तिथल्या कॉम्प्युटरच्या पत्त्याच्या शेवटी असतो. सरांच्या टेबलाला एक. म्हणून पत्त्याच्या शेवटी एक टाकला आणि एंटर मारला.

सरांकडं बघितलं. सर शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होते.

पुन्हा एंटर. सर पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारत होते.

"कुठं हायेत डोळे?" प्रियदर्शनी कुजबुजली. "धने, डबा उचलायची तयारी कर."

मी तिसऱ्यांदा एंटर मारला, या वेळी जरा रागानं.

तेवढ्यात ऑफिसातून आवाज आला, "अगं बाई गं!" मग स्टीलचा ग्लास खाली पडून गडगडत गेल्याचा आवाज. मग चपलांचा. आणि लॅबच्या दारात सत्यशीला मॅडम! आमच्या मुख्याध्यापक. त्या कधी पळत न्हाईत, पण तेव्हा जवळजवळ पळत आल्या होत्या.

"अंगद सर! माझ्या कॉम्प्युटरला डोळे फुटलेत!"

सर ताडकन उठले. "किती मॅडम?"

"किती म्हणजे काय? सहा!"

कुणीतरी मागं फुसकन हसलं. मला पण हसू आलं, आणि मग मी मोजलं. सहा म्हणजे माझेच. तीन वेळा दोन.

"मी माऊस हलवला की सगळे मिळून माझ्याकडं वळतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. मग आवाज खाली आणला, आणि तो खाली आणलेला आवाज जास्त भीतीचा होता. "मी वार्षिक परीक्षेचा पेपर टाईप करत होते, सर. नववीचा."

हसणं बंद.

"कोणीतरी माझी स्क्रीन बघतंय. हे चालणार नाही. आजपासून लॅब बंद. ती वायर काढून टाका आणि दाराला कुलूप लावा."

सरांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ती वायर त्यांनी स्वतः शिडीवर चढून टाकलेली, दिवाळीच्या सुट्टीत. आणि मी? जूनपर्यंत जे काही दिवस माझे होते, ते मी स्वतःच्या हातानं घालवले होते. फक्त माझेच न्हाई, सगळ्यांचे.

मी उभी राहिले.

"मॅडम, डोळे माझे हायेत."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं, मग परत माझ्याकडं. "धनश्री? तू बोलतेस?"

"हो मॅडम. मी ते सरांना पाठवले होते. ते चुकून तुमच्याकडं गेले."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी, मॅडम! काल तुमचं मशीन चालू होईना म्हणून मी माझं तुमच्या ऑफिसात नेऊन बसवलं की, आन् तुमचं दुरुस्त करून इथं आणलं. चिठ्ठी टेबलाला चिकटवलेली, ती इथंच राहिली. एक नंबर खरा तिकडं गेला."

"डोळ्यांचं राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "धनश्री, मला एवढंच सांग. माझा पेपर तुला दिसला का?"

रोहिणीनं बाकाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून निळा हाय. त्याचा अर्थ होता, न्हाई म्हण आन् खाली बस.

"न्हाई मॅडम, मी बघितला न्हाई," मी म्हणले. रोहिणीनं हात काढला. "पण बघायचा असता तर दिसला असता."

"हाय रे देवा," रोहिणी म्हणली, चांगलं ऐकू जाईल असं.

"डोळे आले म्हणून तर तुम्हाला कळलं, मॅडम. ज्याला खरंच बघायचं असंल, तो काही डोळे पाठवून बघत न्हाई. स्क्रीनचा फोटो घेता येतो. तुमी काय टाईप करताय ते अक्षर न् अक्षर वाचता येतं. कारण त्या मशीनवर राखण बंद हाय. कुणीही कुठूनही यावं, असं त्यानंच लिहिलेलं असतं. रोज."

मॅडम समोरच्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. "मग हे वायर काढायचंच कारण झालं की नाही?"

आता मात्र मला राग आला. मॅडमचा न्हाई, वायरीवर निघालेल्या रागाचा.

"मॅडम, आमची मेंढरं रातच्याला जाळीच्या वाड्यात असतात. जाळीला भोक पडलं, लांडगा आत आला, तर आबा मेंढरं विकत न्हाईत. भोक बुजवतात. आन् दारात स्वतः उभे राहतात, आपलं एकेक आत घ्यायला. आपण इथं जाळी लावलीय, पण दारात कुणी उभंच न्हाई. तेवढं उभं करू द्या."

सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"उद्या शेवटच्या तासाला मला दाखवा," मॅडम उठत म्हणाल्या. "दोन्ही. माझ्याकडं कोणी येता कामा नये, आणि तुमचा धडा चालला पाहिजे. नाहीतर कुलूप." दारात त्या थांबल्या. "आणि माझ्या स्क्रीनवरचे ते सहा डोळे आधी मिटा. पेपर मी नवा काढणार आहे."

त्यावर सगळ्या वर्गानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ना, ते सहा डोळे काहीच न्हाईत त्यापुढं.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघी आणि सर ऑफिसात. सरांनी खुर्ची ओढली. "पोरींनो, खरं सांगू का? नव्या मशीनवर हे दार मुळात बंदच येतं. मी मुद्दाम उघडलं. सगळ्यांना एकदम धडा दाखवायची घाई होती. आज्ञेच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह टाकलं की सगळ्यांना दार उघडं, कटकट मिटत होती. म्हणलं नंतर नीट करू. आन् ते नंतर राहिलंच."

"कावून राहिलं सर?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"कारण चालत होतं ना, बाई."

मॅडमच्या मशीनचं काम सोपं निघालं. त्यांच्या स्क्रीनवर बाहेरून कुणी येण्याची गरजच न्हाई. मग सरांनी तिथली सेटिंग बदलली. अधिकचं चिन्ह काढलं, आणि ही स्क्रीन सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सांगितलं की नेटवर्कवरून कुणी हाक मारली तर ऐकूच नको. मी पळत लॅबमध्ये गेले, डोळे पाठवले. कॉम्प्युटरनं रोखठोक जवाब दिला, की स्क्रीन उघडता येत न्हाई. मी तिथूनच ओरडले, "न्हाई आले!" आणि ऑफिसातून रोहिणी ओरडली, "इथं बी न्हाई आले!" आम्ही दोघी व्हरांड्यात मधोमध भेटलो आणि उड्या मारल्या. नकार मिळाल्याचा इतका आनंद मला कधी झाला न्हाई.

लॅबचं मात्र अवघड होतं. तिथं सरांना तर आत यायचंय. सरांनी आधी सोपा मार्ग धरला. सगळ्यांसाठी दार बंद, आणि यादीत एकच नाव, सरांचं मशीन. चाललं. सरांचा धडा आला, माझे डोळे बाहेर राहिले. सर खुश, आम्ही खुश, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी बघते तर प्रियदर्शनीच्या स्क्रीनवर डोळे!

मी पाठवले नव्हते. वळून बघितलं. सरांच्या खुर्चीत रोहिणी, पाय हलवत बसलेली. सर अजून आलेच नव्हते.

"आत कशी गेलीस गं?"

"गेले की. माझ्याच नावानं लॉगिन केलं, पण सरांच्या मशीनवर." ती खुर्चीत गोल फिरली. "यादीत मशीनचं नाव हाय ना धने, सरांचं कुठं हाय? जो बसंल तो सर!"

मला तिला मारावं की मिठी मारावी कळेना. सर आले तेव्हा त्यांनीही तसंच तोंड केलं. शेवटचा तास म्हणजे अजून सगळा दिवस होता, पण उपाय आता नव्यानं शोधायचा होता.

गणिताच्या तासाला मी फळ्याकडं बघत होते आणि डोक्यात मेंढरं चालली होती. पाण्यावर दोन कळप एकत्र येतात तेव्हा सगळं पांढरं काळं एक होऊन जातं. मग आबा काय करतात? कोणतं मेंढरू कोणत्या बाजूनं आलं ते विचारत बसत न्हाईत. पाठ बघतात. आमच्या मेंढरांच्या पाठीवर निळा ठिपका असतो. ठिपका असंल तर आपलं, मग ते उलट्या दिशेनं का येईना.

मधल्या सुट्टीत मी सरांसमोर उभी. "सर, कुठून आला ते बघण्यापेक्षा पाठ बघता येत न्हाई का?"

"कुणाची पाठ?"

मी ठिपक्याचं सांगितलं. सरांचा चहा अर्ध्यावर थांबला. "अगं, खूण असते की! मीच आळस केला." त्यांनी कप बाजूला ठेवला. "प्रत्येक स्क्रीन सुरू होताना एक लांबलचक गुप्त आकडा तयार करता येतो. ज्याच्याकडं तो आकडा, त्यालाच आत घ्यायचं. मशीन कुठलं का असंना. त्याला मॅजिक कुकी म्हणतात."

"कुकी म्हणजे बिस्कीट ना सर?" प्रियदर्शनीचे कान लगेच टवकारले.

"बिस्कीटच समज. ते माझ्या खात्यात, माझ्या पासवर्डमागं राहणार. रोहिणी माझ्या खुर्चीत बसली तरी तिच्याकडं बिस्कीट न्हाई."

"अरेरे," रोहिणी म्हणली.

"पण सर," मी विचारलं, "ते बिस्कीट तुम्हाला देणार कोण?"

सरांनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणले, "ज्याची स्क्रीन, तो."

आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. सरांनाही कळलं होतं. ते हसायला लागले. "म्हणजे आता मी तुमच्या दारात."

मग आमची जी पळापळ झाली! सरांनी प्रत्येक स्क्रीनवर एक बटण करून दिलं. ते दाबलं की आजचा आकडा सरांच्या खात्यात जातो. तास संपला, पुन्हा लॉगिन केलं, की आकडा नवा. जुना वाया. यादीतलं मशीनचं नाव खोडून टाकलं. सर एकेक कॉम्प्युटर करत पुढं जात होते आणि मी मागून प्रत्येकावर डोळे पाठवून बघत होते. नकार, नकार, नकार. रोहिणी सरांच्या खुर्चीतून प्रयत्न करून थकली. सातव्या कॉम्प्युटरवर माझे डोळे आत गेले, कारण तिथं सर अधिकचं चिन्ह काढायला विसरलेच होते. "बघा, पुन्हा नंतर!" मी म्हणले. सरांनी कान धरला, स्वतःचा.

शेवटचा तास. मॅडम आल्या आणि मागं उभ्या राहिल्या. सर खुर्चीत बसले, धडा उघडला.

आमच्या स्क्रीनवर काहीच न्हाई.

"पोरांनो, बटण दाबा की," सर म्हणले.

सगळ्यांचे हात माऊसकडं गेले, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा! सर, आधी विचारा."

"काय विचारू?"

"आमी उशिरा वर्गात आलो तर दारात काय विचारतो?"

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण सर उठले. सरळ लॅबच्या बाहेर गेले. दार लोटलं. मग ते दार थोडंसं उघडलं, आणि आम्ही पोरं करतो तसाच एक हात पुढं करून, मान थोडी वाकवून, आमचे सहा फुटी अंगद सर विचारते झाले, "मे आय कम इन?"

मग आख्खा वर्ग ओरडला, "येस सर!" आणि पटापट क्लिक वाजले. सर आपल्या जागी गेले. टुण, टुण, टुण, एकेका स्क्रीनवर धडा उगवत गेला. नऊ स्क्रीन उजळल्या.

रोहिणीची न्हाई.

"रोहिणी?" सर म्हणले.

"थांबा सर. विचार करते हाय."

मॅडम हसल्या. मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदाच बघितलं, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग त्यांनी मला त्यांच्या स्क्रीनवर डोळे पाठवायला लावले, स्वतः ऑफिसात जाऊन बसल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "नाही आले. थोडं चुकल्यासारखं वाटलं खरं." मग सरांना, "लॅब चालू राहील."

जो कल्ला झाला तो गावाबाहेरच्या देवीच्या डोंगरापर्यंत गेला असंल.

पोरं बाहेर पडत होती तेव्हा मॅडमनी मला थांबवलं. "पुढच्या वर्षी आठवीची मुलंही लॅबमध्ये येतील. त्यांना ही बटणाची पद्धत तू शिकव. आणि भोकं तूच शोध, तुला ती दिसतात. दहावीचा अभ्यास सांभाळून जमेल ना?"

"मॅडम, मी जूनला इथं न्हाई. धारूरला जाणार हाय."

"असं? कुणी ठरवलं?"

आबांनी, असं म्हणणार होते. मामानं, असं म्हणणार होते. पण भाकरी चावत मान हलवणारी मीच मला आठवली. "उद्या सांगते, मॅडम," मी म्हणले.

भेळ मिळाली. रोहिणीनं आधी वाद घातला, डोळे सरांच्या स्क्रीनवर उगवले न्हाईत म्हणून पैज मी हरले. प्रियदर्शनी म्हणली, सहा उगवले म्हणजे तिप्पट जिंकली. शेवटी तिघींनी एकाच कागदात खाल्ली, तिखट जास्त घालून. रोहिणीनं शेवटचा घास मला दिला. "धारूरला अशी भेळ मिळते का गं?" तिनं विचारलं, आणि मग दुसरीकडंच बघत बसली.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा वाड्याच्या दारात उभे होते, एकेक मेंढरू आत घेत. माय कोकरांना आईपाशी सोडत होती. आमची दगडाबाई आज्जी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ती काही कळपासंगं जात न्हाई, वर्षभर घरीच असते. यंदाही आबा-माय परतेपर्यंत मी तिच्यापाशीच होते. मला नवल वाटलं की हे कुणाच्याच ध्यानात कसं आलं न्हाई. माझ्यासुद्धा.

"आलीस का?" माय म्हणली. "मामाचा फोन आलता. तुझ्यासाठी खोलीत टेबल करून घेतोय म्हणला. लई हौसंनं करतोय गं."

"सुट्टीत जाईन, तेव्हा बसंन की त्या टेबलावर."

"सुट्टीत?" आबांचा हात एका मेंढराच्या निळ्या ठिपक्यावर तसाच थांबला. मागचं मेंढरू ढुशी देऊन आत निघून गेलं. "सुट्टीत कावून? तू तर जूनपासून तिथंच असणार. तुला तर चालतंय ना?"

"मला कुणी विचारलं न्हाई, आबा. आन् मी बी सांगितलं न्हाई. मान हलवली, ते चुकलं माझं."

माय कोकरू हातात घेऊनच पुढं आली. आज्जीचं लसूण सोलणं थांबलं. मी दप्तर खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिले, लॅबमध्ये राहिले होते तशी.

"आबा, माय, ऐका. मी दहावी इथंच करणार. तलवाड्यातच, अंगद सरांच्या शाळेत. दिवाळी झाली की तुमी खुशाल मेंढरं घेऊन निघा, मी आज्जीपाशी राहीन, रोज रातच्याला तुम्हाला फोन करीन. मॅडमनी मला काम दिलंय आन् ते मला करायचंय. मामाला वाईट वाटंल, मला माहीत हाय. म्हणून त्याला तुमी सांगू नका. फोन द्या इकडं, मीच सांगते."